तिघेही मुख्य, साथीला कोणीच नाही : ‘क्रीम’ची अठ्ठावीस महिन्यांची कारकीर्द

‘क्रीम’ हे तीन वादकांचे इंग्लिश रॉक पथक. जुलै १९६६ मध्ये ते लोकांसमोर आले आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाची मैफल करून थांबले. या अठ्ठावीस महिन्यांत त्यांनी तीन अल्बम काढले, चौथा पथक मोडल्यावर आला. गिटारवर एरिक क्लॅप्टन, बास गिटारवर आणि मुख्य गायनाला जॅक ब्रूस, ड्रमवर जिंजर बेकर. तिघेही एकत्र येण्याआधीच आपापल्या वाद्यावरचे नावाजलेले वादक होते. आधीच नाव कमावलेल्या कलावंतांनी मिळून काढलेल्या पथकाला पुढे ‘सुपरग्रुप’ म्हणू लागले, आणि त्या जातीचे पहिले पथक म्हणून क्रीमचा उल्लेख होतो. इंग्रजीत ‘क्रीम’ म्हणजे साय. लंडनच्या वादकांमधली साय आपणच, हे नाव ठेवतानाच तिघांनी सांगून टाकले होते.

क्रीमचा इतिहास बहुधा बेकर आणि ब्रूस यांच्या भांडणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. भांडणे खरी आणि मोठी होती, पण केवळ त्यांवरून या पथकाची घडण समजत नाही. त्या काळच्या रॉक पथकात एक गायक किंवा गिटारवादक पुढे असे आणि बास व ड्रम त्याला साथ करीत. क्रीममध्ये साथ करायला कोणी तयारच नव्हते. तिघेही मुख्य कलाकार. पथकाला जे मिळाले ते यातून मिळाले, आणि मोडलेही ते यातूनच.

जिंजर बेकर यांचा जन्म १९३९ चा, लंडनमधला. हात जॅझवर तयार झालेला. फिल सीमन या नामांकित जॅझ ड्रमवादकाकडे ते शिकले, आणि त्यांच्याकडूनच आफ्रिकी तालवादनाची गोडी लागली. जॅक ब्रूस १९४३ चे, ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्जचे. ग्लासगोच्या संगीत अकादमीत ते चेलो शिकत होते. शिक्षण अर्ध्यावर सोडून जॅझ पथकांत डबल बास वाजवू लागले. दोघांची गाठ अ‍ॅलेक्सिस कॉर्नर यांच्या ‘ब्लूज इन्कॉर्पोरेटेड’ पथकात पडली. १९६३ मध्ये ऑर्गनवादक ग्रॅहॅम बाँड यांच्याबरोबर दोघे तिथून बाहेर पडले. बाँड यांच्या पथकात सुरुवातीला गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन होते. मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ काढणारे तेच हे मॅक्लॉफ्लिन. बाँडच्या पथकात बेकर-ब्रूस जोडीचा ठेका लंडनभर गाजला आणि त्यांची भांडणेही. ब्रूस नुसता आधारस्वर धरून बसत नसत, वरच्या पट्टीत जाऊन स्वतंत्र सुरावट वाजवत. बेकरना ही आपल्या वादनातली लुडबूड वाटे. रंगमंचावरच दोघांची हातघाई झाल्याच्या कथा आहेत. १९६५ मध्ये बेकरनी ब्रूसना पथकातून काढले आणि ते ऐकेनात तेव्हा चाकू दाखवला, असे स्वतः ब्रूस सांगत.

एरिक क्लॅप्टन तिघांत धाकटे, १९४५ मध्ये सरे परगण्यातल्या रिप्ली गावी जन्मलेले. ‘यार्डबर्ड्स’ लोकप्रिय गाण्यांकडे वळले तेव्हा, ऐन यशाच्या तोंडावर, ते १९६५ मध्ये बाहेर पडले आणि जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूजब्रेकर्स’मध्ये गेले. गिब्सन लेस पॉल गिटार आणि मार्शलचा ध्वनिवर्धक पूर्ण आवाजावर ठेवून त्यांनी काढलेला जाड, लांबणारा स्वर तोवर इंग्लंडने ऐकला नव्हता. ‘क्लॅप्टन देव आहे’ असे लंडनमधल्या एका भिंतीवर कोणीतरी रंगवले ते याच सुमारास. मेयॉलच्या पथकात ब्रूसही काही आठवडे होते आणि त्या थोड्या सहवासात क्लॅप्टन त्यांच्यावर खूष झाले.

१९६६ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला बेकर ऑक्सफर्डला ब्लूजब्रेकर्सच्या मैफलीत जाऊन वाजवून आले. परतताना क्लॅप्टनना आपल्या नव्या रोव्हर गाडीतून घरी सोडताना त्यांनी नवे पथक काढण्याची गोष्ट काढली. क्लॅप्टननी एकच अट घातली: बासला जॅक ब्रूस हवेत. हे नाव ऐकताच बेकरच्या हातून गाडी रस्ता सोडता सोडता राहिली, असे क्लॅप्टननी पुढे सांगितले आहे. त्यांना त्या दोघांच्या वैराची कल्पना नव्हती. बेकर ब्रूसच्या घरी गेले आणि समेट झाला. क्लॅप्टनच्या मनात मात्र वेगळेच चित्र होते. शिकागोचे ब्लूज गिटारवादक बडी गाय यांना त्यांनी लंडनमध्ये त्रिकुटात वाजवताना ऐकले होते. तसेच त्रिकूट काढावे, पुढे आपण असावे, असा त्यांचा बेत होता. बाकीचे दोघे जॅझवाले. त्यांच्या दृष्टीने ते जॅझचेच त्रिकूट होते, फक्त क्लॅप्टनना कोणी तसे सांगितले नव्हते. पुढारी कोण, हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारला नाही आणि नंतर त्याचे उत्तर सापडले नाही.

सराव लंडनच्या नीझ्डन भागात बेकरच्या घरी सुरू झाला. पहिला कार्यक्रम २९ जुलै १९६६ रोजी मँचेस्टरच्या ‘ट्विस्टेड व्हील’ क्लबात झाला. अधिकृत पदार्पण ३१ जुलैला विंडसरच्या जॅझ आणि ब्लूज महोत्सवात. मधल्या दिवशी इंग्लंडने वेम्ब्लीवर फुटबॉलचा विश्वचषक जिंकला होता, त्यामुळे देशाचे लक्ष भलतीकडे होते. बसवलेली गाणी थोडी होती. ती संपली की तिघे असलेल्याच गाण्याचा विस्तार करीत. पुढे ज्याला क्रीमची शैली म्हटले गेले, तिचे मूळ काही अंशी या निकडीत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमधल्या कार्यक्रमात आठवड्यापूर्वीच इंग्लंडात आलेला एक अमेरिकन तरुण त्यांच्याबरोबर एक गाणे वाजवायला रंगमंचावर चढला. तो जिमी हेन्ड्रिक्स. भिंतीवर ज्याला देव म्हटले होते त्या क्लॅप्टनवर त्या एका गाण्याने चकित होण्याची वेळ आली.

डिसेंबर १९६६ मध्ये ‘फ्रेश क्रीम’ हा पहिला अल्बम निघाला. निर्माता म्हणून नाव व्यवस्थापक रॉबर्ट स्टिगवूड यांचे. अर्धा अल्बम जुन्या अमेरिकन ब्लूज गाण्यांचा होता. त्यांतले ‘आय’म सो ग्लॅड’ हे स्किप जेम्स या कृष्णवर्णीय गायकाने १९३१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले गाणे. साठच्या दशकात अनेक गोऱ्या पथकांनी अशी गाणी उचलली आणि मूळ कर्त्याचे नावही घातले नाही. क्रीमने ते घातले. त्यातून मिळालेले रॉयल्टीचे पैसे म्हाताऱ्या आणि कर्करोगाने आजारी असलेल्या जेम्सना उपचारांच्या खर्चाला उपयोगी पडले. याच अल्बममधला ‘टोड’ हा जवळजवळ पूर्णपणे ड्रमच्या एकल वादनाचा तुकडा. रॉकच्या तबकडीवर ड्रमवादकाला इतकी जागा त्याआधी क्वचितच मिळाली होती. दोन पायांनी दोन मोठे ड्रम आणि हातांनी त्यांवर वेगळीच लय, ही बेकरची पद्धत तिथून इतरांनी घेतली.

मार्च १९६७ मध्ये पथक पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेले. एका थिएटरात रोज अनेक खेळ होत आणि प्रत्येक पथकाच्या वाट्याला एखाददुसरे गाणे येई, असा तो कार्यक्रम होता. फायदा झाला तो अ‍ॅटलांटिक कंपनीच्या स्टुडिओशी संबंध जुळल्याचा. मे महिन्यात तिथे आठवडाभराच्या आत ‘डिझरेली गिअर्स’ हा दुसरा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. व्हिसाची मुदत संपत आल्याने घाई होती. शीर्षक एका मदतनिसाच्या चुकीतून आले: सायकलच्या ‘डिरेलर गिअर’ला तो डिझरेली या जुन्या ब्रिटिश पंतप्रधानांच्या नावाने ‘डिझरेली गिअर’ म्हणाला. निर्माता फेलिक्स पापालार्डी हे शास्त्रोक्त शिक्षण घेतलेले संगीतकार, ध्वनिमुद्रक टॉम डाउड. मुखपृष्ठावरचे झगझगीत चित्र ऑस्ट्रेलियन चित्रकार मार्टिन शार्प यांचे. अल्बममधल्या ‘टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसिस’चे शब्दही त्यांचेच.

कंपनीच्या लेखी क्लॅप्टन हेच पथकाचे मुख्य कलाकार होते. ब्रूसनी गायलेली आणि रचलेली गाणी कंपनीला सुरुवातीला रुचली नाहीत. नेमके त्यांतलेच ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ पुढे अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. जानेवारी १९६७ मध्ये लंडनच्या सॅव्हिल थिएटरात हेन्ड्रिक्सना ऐकून आल्यावर ब्रूसना या गाण्याची मूळ सुरावट सुचली. रॉकमध्ये अशा आवर्ती सुरावटीला ‘रिफ’ म्हणतात. तबल्याच्या एकल वादनात लेहरा जसा आवर्तन धरून ठेवतो, तसे ते काम. फरक इतकाच की इथे लेहराच गाण्याचा चेहरा होतो. गाण्याचा ठेका नेहमीसारखा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर न देता पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर देतो. ही कल्पना आपली, असे डाउड सांगत. बेकर ती आपलीच असल्याचे मरेपर्यंत सांगत राहिले. गाण्याचे श्रेय मात्र ब्रूस, क्लॅप्टन आणि गीतकार पीट ब्राउन या तिघांच्या नावावर आहे.

हा वाद क्षुल्लक नव्हता. रचनेची रॉयल्टी सुरावट आणि शब्द ज्याच्या नावावर त्याला मिळते. ठेका बांधणाऱ्याला त्यात वाटा नाही. ब्राउन हे लंडनच्या कविसंमेलनांत गाजलेले कवी. त्यांना पथकाकडे आणले बेकरनीच, आपल्याबरोबर गाणी लिहावीत म्हणून. पण ब्राउनचे सूर जुळले ब्रूसशी, आणि पथकाची सर्वांत जास्त चाललेली गाणी ब्रूस-ब्राउन जोडीच्या नावावर गेली. ‘व्हाइट रूम’ या गाण्याच्या प्रारंभीचे गंभीर पाच मात्रांचे आवर्तन आपण घातले आणि त्याचे आपल्याला काही मिळाले नाही, ही बेकरची तक्रार शेवटपर्यंत होती. व्यवहाराच्या दृष्टीने ती चालणारी नव्हती. संगीताच्या दृष्टीने तिच्यात तथ्य आहे: ते आवर्तन काढून टाकले तर उरलेले गाणे अगदीच सरळसोट वाटते.

ऑगस्ट १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात पथक गेले आणि त्याचे रूप पालटले. फिलमोरचे चालक बिल ग्रॅहॅम आणि तिथला श्रोता यांना तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांची मोजणी नको होती. हवे तेवढे वाजवा, अशी मुभा होती. तिघांनी ती पुरेपूर घेतली. विली डिक्सन यांचे ‘स्पूनफुल’ सोळा-सतरा मिनिटांवर गेले, ‘टोड’ही तेवढेच. वादनाची रीत अशी: गाण्याचा मुखडा म्हणून झाला की तिघे एकाच वेळी उपज करू लागत. एकाने विस्तार करायचा आणि दोघांनी ठेका धरायचा, हा संकेत तिथे नव्हता. जमले की तीन स्वतंत्र ओळींची घट्ट वीण तयार होई. न जमले की तिघे तीन दिशांना.

या प्रकारातला सर्वांत उत्तम नमुना लांबलचक नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्याच विंटरलँडमध्ये मुद्रित झालेले ‘क्रॉसरोड्स’ जेमतेम सव्वाचार मिनिटांचे आहे. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ मध्ये एकट्याने गिटारवर म्हटलेल्या ब्लूजचे हे रूप. गिटारच्या दोन विस्तारांत ब्रूस आणि बेकर मागून असा रेटा लावतात की क्लॅप्टनना श्वास घ्यायला जागा राहत नाही. गिटार शिकणाऱ्यांच्या पिढ्यांनी हे वादन स्वरास्वराने घोटले. स्वतः क्लॅप्टन मात्र त्याबद्दल फारसे समाधानी नाहीत. त्यात आपण समेचा हिशेब चुकवून उलट्या मात्रेवर गेलो, असे त्यांनी मुलाखतींत म्हटले आहे.

१९६८ च्या उन्हाळ्यात निघालेल्या ‘व्हील्स ऑफ फायर’ या दुहेरी अल्बमची एक तबकडी स्टुडिओतली, दुसरी मैफलींतली. अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि प्लॅटिनम विक्री गाठणारा पहिला दुहेरी अल्बम मानला जातो. दोन तबकड्या दोन निराळ्या पथकांच्या वाटाव्यात इतक्या वेगळ्या आहेत. स्टुडिओतल्या तबकडीत पापालार्डींनी व्हायोला, ऑर्गन अशी वाद्ये भरली, ब्रूसनी पुन्हा चेलो हाती घेतला, बेकरनी माइक टेलर या जॅझ पियानोवादकाबरोबर तीन गाणी रचली. एका गाण्यात तर क्लॅप्टन मुळीच नाहीत. मैफलीची तबकडी मात्र फक्त तिघांची. पुष्कळ समीक्षकांनी तेव्हा तिचीच वाखाणणी केली. आज दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर मैफलीच्या तबकडीतला ‘क्रॉसरोड्स’ वगळता उरलेला भाग जुना झाल्यासारखा वाटतो आणि स्टुडिओतली गाणी ताजी राहिलेली दिसतात.

तोवर पथक आतून खचले होते. कारणे अनेक, आणि त्यांतले एक निव्वळ यंत्रांचे. शंभर वॉटचे मार्शल ध्वनिवर्धक आणि त्यांना जोडलेली पुरुषभर उंचीची ध्वनिपेट्यांची चळत हे नवे साधन होते. वादकाला स्वतःचा आणि इतरांचा आवाज ऐकू यावा म्हणून रंगमंचावर ठेवायचे ध्वनिवर्धक तेव्हा रूढ झालेले नव्हते. ब्रूसनी बासचा आवाज वाढवला की क्लॅप्टन गिटारचा वाढवत, आणि ध्वनिवर्धकाविना वाजवणारे बेकर दोघांवर मात करण्यासाठी जीव तोडून वाजवत. आपल्या कानांचे कायमचे नुकसान याच आवाजाने झाले, असे बेकर म्हणत. एका मैफलीत क्लॅप्टननी मुद्दाम वाजवणे थांबवले. दुसऱ्या दोघांच्या ते लक्षातही आले नाही. एकमेकांना ऐकणे हा उपजेचा पाया, आणि इथे तोच बंद पडला होता.

त्यात १९६८ मधला कित्येक महिन्यांचा अमेरिका दौरा आला. हॉटेलांत तिघे तीन ठिकाणी राहत. मे महिन्यात ‘रोलिंग स्टोन’ पाक्षिकात जॉन लँडाऊ यांनी क्लॅप्टन ठरावीक ब्लूज वळणेच पुन्हा पुन्हा वाजवतात अशी टीका केली. क्लॅप्टनना ती फार लागली, कारण ती त्यांना पटली. त्याच सुमारास त्यांनी ‘द बँड’ या पथकाचा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ ऐकला. त्यात कोणी कोणावर कुरघोडी करत नव्हते, वाद्ये गाण्याच्या मागे उभी होती. क्रीममध्ये जे नव्हते तेच तिथे होते. जुलैमध्ये पथक थांबणार असल्याचे जाहीर झाले.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत निरोपाचा दौरा झाला. २६ नोव्हेंबर १९६८ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एकाच संध्याकाळी दोन मैफली झाल्या. आधी वाजवणाऱ्या पथकांत तेव्हा कोणाला ठाऊक नसलेले ‘येस’ होते. बीबीसीसाठी टोनी पामर यांनी केलेले चित्रण प्रसिद्ध आहे. त्यात क्लॅप्टन आपला गोल, मऊ स्वर गिटारच्या कळी फिरवून कसा काढतात हे शांतपणे समजावून सांगतात. चित्रपटातला हा भाग मैफलीच्या चित्रणापेक्षा सरस उतरला आहे.

१९६९ च्या आरंभी ‘गुडबाय’ आला. मैफलीतले तीन तुकडे आणि तीन नवी गाणी: एक ब्रूसचे, एक बेकरचे, एक क्लॅप्टनचे. घर मोडताना भावांनी भांडी वाटून घ्यावीत तशी ही वाटणी. क्लॅप्टनच्या वाट्याचे ‘बॅज’ त्यांनी जॉर्ज हॅरिसन यांच्याबरोबर रचले. हॅरिसन दुसऱ्या कंपनीशी बांधलेले असल्याने तबकडीवर त्यांचे नाव ‘लांजेलो मिस्तेरिओसो’ असे छापले आहे. शीर्षकाला काही अर्थ नाही: कागदावर हॅरिसननी गाण्याच्या मधल्या भागासाठी लिहिलेला ‘ब्रिज’ हा शब्द समोर बसलेल्या क्लॅप्टननी ‘बॅज’ असा वाचला. जानेवारी १९६९ मध्ये हेन्ड्रिक्सनी बीबीसीच्या थेट कार्यक्रमात आपले ठरलेले गाणे अर्ध्यावर तोडून ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ वाजवले आणि क्रीमला निरोप दिला. कार्यक्रमाचे वेळापत्रक कोलमडले.

क्रीमच्या राखेतून लगेच दुसरा सुपरग्रुप निघाला. क्लॅप्टन आणि बेकर यांनी स्टीव्ह विनवूड आणि रिक ग्रेच यांच्यासह ‘ब्लाइंड फेथ’ काढले, ७ जून १९६९ रोजी हाइड पार्कमध्ये प्रचंड गर्दीसमोर पहिली मैफल केली, एक अल्बम काढला आणि त्याच वर्षी मोडले. क्रीम मोडण्याची कारणे न सोडवता त्याचा साचा पुन्हा वापरल्याचा हा परिणाम. नंतर क्लॅप्टननी ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ काढताना आपले नाव मुद्दाम झाकले. ब्रूस टोनी विल्यम्स यांच्या ‘लाइफटाइम’मध्ये पुन्हा मॅक्लॉफ्लिनबरोबर वाजवू लागले. बेकर मोटारीने सहारा ओलांडून लागोसला गेले, तिथे स्टुडिओ काढला आणि फेला कुटी यांच्याबरोबर वाजवले. क्रीमचा वारसा त्रिकुटाच्या रूपात दूरवर गेला. पापालार्डींनी लेस्ली वेस्ट यांच्याबरोबर काढलेले ‘माउंटन’ तर थेट त्याच साच्यातले. लांब विस्तार आणि जाड आवाज हे दोन्ही सत्तरच्या दशकातल्या हेवी मेटलने उचलले. बेकरना ते ऋण मान्य नव्हते. आपण जॅझवाले, हेच ते सांगत.

तिघे पुन्हा एकत्र आले ते जानेवारी १९९३ मध्ये, लॉस एंजेलिसला, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तेव्हा. तीन गाणी वाजवून पांगले. मे २००५ मध्ये क्लॅप्टनच्या पुढाकाराने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये चार मैफली झाल्या. ब्रूसचे यकृत दोन वर्षांपूर्वी बदललेले, बेकरना सांधेदुखी. आवाज बेताचा ठेवला होता, आणि १९६८ मध्ये जे जमत नव्हते ते या वेळी जमले: तिघे एकमेकांना ऐकत होते. या मैफलींचे ध्वनिमुद्रण क्रीमच्या जुन्या मैफलींपेक्षा कमी धगीचे, पण जास्त समजूतदार आहे. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन मैफली झाल्या. तिथे पुन्हा बासचा आवाज वाढला आणि बेकर-ब्रूस यांच्यात जुनाच वाद नव्याने पेटला. २६ ऑक्टोबर २००५ ची मैफल शेवटची ठरली. जॅक ब्रूस २५ ऑक्टोबर २०१४ रोजी गेले, जिंजर बेकर ६ ऑक्टोबर २०१९ रोजी. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनमध्ये क्लॅप्टननी बेकरच्या स्मरणार्थ मैफल केली. त्या वेळी त्या तिघांपैकी ते एकटेच उरले होते, आणि मागे साथीला भरपूर वादक होते.